तीन कोटेशनं आणि एक भिंत

चौबळांच्या घरात ब्रॉडबँड घ्यायचं हे ठरायला एक कप चहा पुरला. कुठलं घ्यायचं हे ठरवायची जबाबदारी शैलेश चौबळांनी आपणहून अंगावर घेतली आणि तिथेच घोडं पेंड खायला लागलं.

आता शैलेशराव म्हणजे काही आळशी माणूस नव्हे. उरणकडच्या एका कंटेनर यार्डात ते खरेदी विभागात होते आणि खरेदीच्या बाबतीत त्यांचा हात धरणारा सगळ्या यार्डात कोणी नव्हता. ऑफिसात साधा खिळा घ्यायचा असला तरी आधी तीन कोटेशनं, मग त्यांचा तुलनात्मक तक्ता, मग साहेबांची सही. (तोपर्यंत खिळ्याची गरज संपलेली असायची. कंपनीचा त्यात फायदाच होता.) हाच नियम त्यांनी घरीही लावला होता. मिक्सर, गादी, गणपतीचं मखर, सगळं तीन कोटेशनांतून पार झालेलं. लग्नाच्या वेळीसुद्धा आपण तीन मुली पाहिल्या आणि पूर्ण विचार करून तिसरी पसंत केली, असं ते अभिमानाने सांगत. पहिल्या दोघींनी नकार कळवला होता, एवढा तपशील ते गाळत.

ती तिसरी म्हणजे वसुंधरा. पूर्वी ती पेणच्या शाळेत मराठी शिकवायची आणि तिच्या तासाला मुलं मधली सुट्टी विसरायची, असं पेणला अजून सांगतात. सासूबाईंच्या आजारपणात तिने नोकरी सोडली. पुढे सासूबाई गेल्या, मुलगी कीर्ती खारघरच्या कॉलेजात जायला लागली आणि नवीन पनवेलच्या त्या फ्लॅटमध्ये वसुंधरेच्या वाट्याला नुसत्या रिकाम्या दुपारी उरल्या. त्या दुपारींची तिला मनातून भीती वाटायची. शेवटी तिने परदेशातल्या मुलांना ऑनलाइन मराठी शिकवणाऱ्या एका संस्थेकडे अर्ज केला. संस्थेचं उत्तर आलं, की येत्या शनिवारी दुपारी चार वाजता एक नमुना वर्ग घ्या, आम्ही पालकांसह ऐकू, आवडला तर काम तुमचं. अट एकच होती. वर्ग मध्येच तुटता कामा नये.

मोबाइलवर भागण्यासारखं नव्हतं. त्यांच्या घरात मोबाइलला रेंज फक्त गॅलरीत, कपड्यांच्या दोरीखाली मिळायची, आणि परदेशी मुलांसमोर शैलेशरावांचे बनियन घेऊन उभं राहणं वसुंधरेला मान्य नव्हतं.

"मला हे काम हवंय," ती म्हणाली. 'मला हवंय' हे शब्द ती क्वचितच वापरायची, त्यामुळे शैलेशराव एकदम गंभीर झाले.

"मिळालंच समज," ते म्हणाले. "मी आजच कोटेशनं मागवतो."

कीर्तीने आईकडे पाहिलं. आईने कीर्तीकडे पाहिलं.

पहिलं कोटेशन घ्यायला शैलेशराव मंगळवारी संध्याकाळी केबलवाल्या काशिराम भोईरकडे गेले. काशिराम शेजारच्याच गावातला. सोसायटी उभी होती त्या जागेत त्याच्या आजोबांनी भात लावला होता. आता तिथूनच तो गच्च्यागच्च्यांवरून वायरी नेत होता आणि त्याला परवानगी विचारायची सेक्रेटरीचीही छाती नव्हती.

"काशिरामशेठ, नेट घ्यायचंय म्हणतो."

"आनखी येक?" काशिरामने विचारलं.

"आणखी कुठलं? एकच घेणार. तुमचा रेट, स्पीड, अटी, सगळं लिहून द्या."

"लिवून काय देऊ सायेब? मी हाय ना. लाइन गेली तं मना फोन मारायचा. भर जेवनातून उठून येईन."

"त्याला आम्ही आफ्टर सेल्स सर्व्हिस म्हणतो."

"तुमी कायपन बोला. मी येईन."

"बघू. कळवतो," शैलेशराव म्हणाले.

हे दोन शब्द वाचकांनी ध्यानात ठेवावेत. खरेदी विभागात 'बघू, कळवतो' याचा अर्थ 'उठा आता' असा असतो आणि यार्डात येणाऱ्या प्रत्येक व्हेंडरला तो पाठ असतो. काशिराम व्हेंडर नव्हता. त्याच्या गावात ज्याला नको असतं तो सरळ 'नको' म्हणतो. बाकी सगळं 'हो'मध्ये जमा होतं.

दुसरं कोटेशन घरबसल्या आलं. भिंतीला भिंत लागून महमूदभाई मुकादम राहायचे. आयुष्यभर मस्कतला नोकरी करून ते पनवेलला परतले होते. त्यांचा पुतण्या अबरार एका इंटरनेट कंपनीत सेल्सला होता.

"शैलेशभाऊ, बाहेर कशाला फिरताय? आपला अबरार घरचा पोरगा आहे. तुम्ही बेफिकीर राहा," महमूदभाई म्हणाले, आणि अबरार टॅबलेट घेऊन हजरच झाला.

"अंकल, अपलोड-डाउनलोड सेम टू सेम. वर इतकी ॲप्स फ्री, की बघता बघता रिटायर व्हाल."

"मला ॲप्स नकोत. तेवढी काढून रेट कमी कर."

"फ्री आहेत अंकल. फ्रीमधून कमी काय करू?"

"फ्री आहेत तर मग नकोत म्हटल्यावर बिघडलं कुठे?"

"नकोत तर पॅक बदलेल अंकल. बिनॲपचा महाग आहे."

शैलेशरावांनी डोक्याला हात लावला. इतक्यात ताहिराभाभींनी गरम सांदणांची ताटली पाठवली. सांदण तोंडात असताना भाभींच्या पुतण्याला 'नको' कसं म्हणायचं? शैलेशरावांनी घास गिळला आणि आपलं नेहमीचं वाक्य म्हटलं. अबरारने खुशीत टॅबलेटवर काहीतरी टिकटिक केलं.

तिसरी एक मोठी कंपनी होती. तिच्याशी बोलायला शैलेशराव गॅलरीत, दोरीखाली जाऊन उभे राहिले. पलीकडून एका मुलीचा फार गोड आवाज आला.

"अनलिमिटेड म्हणजे किती?" शैलेशरावांनी मुद्द्याला हात घातला.

"अनलिमिटेड सर."

"हो, पण किती?"

"सर, एका मर्यादेपर्यंत अनलिमिटेड."

"आणि ती संपली की?"

"मग स्पीड कमी होतो सर. पण अनलिमिटेडच राहतं."

"थोडक्यात, नळ चोवीस तास चालू, पाणी थेंब थेंब."

"थँक यू सर! शनिवारचं इन्स्टॉलेशन करून देऊ का?"

"बघू. कळवतो."

"ओके सर, कन्फर्म," मुलगी म्हणाली आणि फोन ठेवून दिला. शैलेशरावांना ते निरोप घेण्याची रीत वाटली. हल्लीची मुलं जाताना काहीही म्हणतात.

कोटेशनं जमली. आता तक्ता. शैलेशरावांनी तो मोठ्या कागदावर आखून फ्रिजच्या दारावर चिकटवला. चिकटवताना त्यांचं लक्ष फ्रिजवर गेलं. तिथे वसुंधरेने विणलेल्या जाळीदार रुमालाखाली एक पांढरी डबी होती आणि तिच्यावर हिरवे दिवे लुकलुकत होते.

"हे काय नवीन?"

"डासांचं," कीर्ती पुस्तकातून मान वर न करता म्हणाली.

"तीन कोटेशनं घेतली होती?"

"घेतली," वसुंधरा म्हणाली आणि भाजी ढवळत राहिली.

शैलेशरावांचं समाधान झालं. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःहून कबूलही केलं, की डास खरंच कमी झालेत.

तक्ता भरताना एक भानगड झाली. परिसरात कोणाकोणाचं नेट चालतं याचा अंदाज घ्यावा म्हणून त्यांनी मोबाइलवर आसपासच्या वायफायची नावं काढली. पाहतात तो सगळ्यात वर, भरगच्च काड्यांनिशी, एक नाव: निर्णय झाला. इंग्रजी अक्षरांत, पण लख्ख मराठी. बाकी सगळे त्याच्यापुढे मरगळलेले.

"काय सिग्नल आहे!" शैलेशराव हरखले. "आणि नाव बघ कसं! असतात एकेका घरात अशी कर्तबगार माणसं. याने कुठल्या कंपनीचं घेतलंय ते कळलं पाहिजे."

मग ते मजल्यामजल्यावर बेल वाजवत फिरले. "निर्णय झाला तुमचं का हो?" तळमजल्यावरच्या नवपरिणीत जोडप्याने एकमेकांकडे पाहून दार लावून घेतलं. वरच्या मजल्यावरच्या काकूंना वाटलं, कीर्तीचं लग्न ठरलं. त्यांनी पेढे मागितले. महमूदभाईंना विचारलं तर त्यांना एकाएकी खोकल्याची जोराची उबळ आली आणि ते तोंडावर रुमाल धरून आत निघून गेले. अखेर शैलेशरावांनी तक्त्यात सगळ्यात वर लिहिलं: 'निर्णय झाला. सिग्नल सर्वोत्तम. मालक अज्ञात.'

एवढं होईस्तोवर शनिवार उजाडला.

सकाळी चहा पिताना वसुंधरा खिडकीपाशी उभी राहून पुटपुटत होती. ती धड्याची उजळणी करत होती. हात हवेत फिरवून एखाद्या अदृश्य पोराला शाबासकी देत होती आणि चेहऱ्यावर जे हसू होतं ते शैलेशरावांनी पेणनंतर पाहिलंच नव्हतं. ते पाहून त्यांनी फ्रिजच्या दाराकडे मान वळवली. तक्ता तयार होता, शेरे तयार होते, लाल शाईत टिपाही होत्या. नेट तेवढं नव्हतं.

"वसू," ते चाचरत म्हणाले, "माझ्याकडून जरा उशीर झालाय बहुतेक."

"असू दे हो," वसुंधरा म्हणाली. आवाज अगदी शांत. त्या शांतपणाने त्यांना आणखीच अपराधी वाटलं. जेवणात त्यांचं लक्ष लागेना. आमटीऐवजी त्यांनी भातावर ताक घेतलं आणि वर मीठ समजून साखर.

जेवणं उरकतात न उरकतात तोच बेल वाजली. दारात काशिराम, खांद्यावर वायरचं भलंमोठं वेटोळं आणि बरोबर एक माणूस.

"चला सायेब, कुठं लावायचा?"

शैलेशरावांना भरून आलं. "अहो, पण मी तर नुसतं बघू म्हटलं होतं!"

"बोलला ना बघू? तं बघा आता."

काशिराम चपला काढतोय तोवर अबरार त्याच्या टेक्निशियनला घेऊन आला. "अंकल, सरप्राइज! तुमचं नाव मी तेव्हाच टाकलेलं." आणि तो बोलत असतानाच लिफ्टमधून युनिफॉर्म घातलेले दोघे उतरले. त्यांच्या हातात ड्रिल मशीन होतं. "चौबळ सर? शनिवार कन्फर्म आहे तुमचं."

हॉलमध्ये आता पाय ठेवायला जागा उरली नाही. वसुंधरेने डोकावून पाहिलं, माणसं मोजली आणि चहाचं आधण वाढवलं.

"यातल्या दोघांना परत पाठवा," ती आतून म्हणाली.

"कोणत्या दोघांना?" शैलेशरावांनी कळवळून विचारलं. कारण तुलना अजून चालू होती.

पाठवायचं कसं? काशिराम मूळ जमिनीचा मालक. अबरार घरचा पोरगा, त्यात सांदणं खाल्लेली. आणि युनिफॉर्मवाल्यांकडे कागद होता, त्यावर शैलेशरावांचं नाव छापलेलं. छापील कागदाला नाही म्हणणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. ते म्हणाले, "असं करू या, जागा तेवढी बघून ठेवा."

जागा बघणं म्हणजे भोक पाडणं, असा तिघांनीही अर्थ घेतला.

अबरारच्या टेक्निशियनने हॉलच्या भिंतीला ड्रिल लावलं. भिंत त्याच्या अंदाजापेक्षा पातळ निघाली. घर्रर्र करत ड्रिल पलीकडे गेलं आणि पलीकडून ताहिराभाभींची किंकाळी आली. ड्रिलचं टोक त्यांच्या स्वयंपाकघरात, मसाल्याच्या फळीवर, हळदीच्या बरणीला खेटून बाहेर आलं होतं.

"या अल्ला! शैलेशभाऊ, काय हवं होतं ते दारातून मागायचं!" भोकातून महमूदभाईंचा आवाज आला.

"सॉरी महमूदभाई!" शैलेशराव भोकाला तोंड लावून ओरडले. तेवढ्यात मागे युनिफॉर्मवाल्यांचं ड्रिल सुरू झालं. फट् असा आवाज आला, निळी ठिणगी उडाली आणि घरातले पंखे हळूहळू थांबले. भिंतीत दडलेली विजेची वायर त्यांनी बरोबर गाठली होती. खटका वर केला की लगेच खाली पडत होता.

वसुंधरा ट्रे तसाच टाकून बाहेर आली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"लाइट गेले?"

"लाइटचं काय घेऊन बसलीस? तुझा लॅपटॉप चार्ज आहे. प्रश्न नेटचा आहे!"

"लाइट गेले!" ती पुन्हा म्हणाली आणि मटकन खुर्चीत बसली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "आता मुलं येऊन बसतील. आणि मी नसेनच."

तीन तीन वायरवाले घरात येऊन भोकं पाडत होते तेव्हा जी बाई चहा गाळत होती, ती पंखा बंद पडला म्हणून रडते हे शैलेशरावांना कळेना. पण ती रडत होती, आणि ते आपल्यामुळे, एवढं मात्र स्वच्छ कळलं. त्यांनाही रडावंसं वाटलं. काहीतरी करावं म्हणून त्यांनी मोबाइल काढला. 'निर्णय झाला' यादीतून गायब.

"त्या बिचाऱ्याचेही गेले वाटतं," ते हळहळले.

काशिरामने त्यांच्याकडे पाहिलं, मग फ्रिजकडे पाहिलं, मग वसुंधरेकडे. "वैनी, घाबरू नको. करतो मी कायतरी. पयला सायबांना खाली मीटरजवल उभा कर."

"कशाला?" शैलेशरावांनी विचारलं.

"मीटर बगायला मानूस पायजेच."

"हो, जा तुम्ही," वसुंधरा डोळे पुसत म्हणाली. "आणि बोलावल्याशिवाय हलू नका."

शैलेशराव खाली जाऊन मीटरच्या पेटीसमोर उभे राहिले. ते टक लावून मीटर बघत होते आणि मीटर काहीच करत नव्हता. येणाऱ्याजाणाऱ्यांना ते हाताने थोपवून "काम चालू आहे" असं सांगत होते. मनात मात्र सकाळचं ते खिडकीतलं हसू होतं. इतकी वर्षं या बाईने काही मागितलं नाही. एक मागितलं, तर आपण तिला तक्ता दिला. त्यांनी मीटरलाच नवस बोलून टाकला, की आज तिचा वर्ग होऊ दे, पुन्हा म्हणून कोटेशन मागवणार नाही. (ऑफिस सोडून.)

"शैलेशभाऊ!" वरच्या खिडकीतून महमूदभाई हाका मारत होते. "या वर! आवाज न करता या!"

शैलेशराव जिन्याने धापा टाकत वर आले. दार उघडं होतं. हॉलमध्ये काशिराम, अबरार, त्यांची माणसं आणि युनिफॉर्मवाले दोघे भिंतीला टेकून ओळीने जमिनीवर बसले होते. प्रत्येकाच्या हातात सांदणाची बशी होती आणि सगळे चिडीचूप. आतल्या खोलीतून पोरांचा किलबिलाट येत होता आणि त्यावरून वसुंधरेचा आवाज, पेणच्या वर्गातला, खणखणीत.

"म्हणा बरं, बाळ."

"बाल!" पोरं कुठल्या तरी परक्या देशातून ओरडली.

"जीभ मागे वळवा. बाळ. केळं. सगळं."

"आमी तं जल्मभर ल च बोलतो," काशिराम कुजबुजला. "आमचा काय आडला?" आणि तरी ओठांतल्या ओठांत त्याने जीभ मागे वळवून बघितली.

शैलेशराव भान हरपून ऐकत उभे होते. मग त्यांना ती वायर दिसली. अबरारच्या माणसाने पाडलेल्या भोकातून, हळदीने पिवळी झालेली एक वायर आली होती. मुकादमांच्या घरची वीज घेऊन ती हॉलमधून स्वयंपाकघरात गेली होती आणि तिच्या टोकाला घाईघाईने जोडलेल्या बोर्डात, फ्रिजवर, डास पळवायचं यंत्र लावलेलं होतं. जाळीदार रुमाल बाजूला पडला होता. हिरवे दिवे लुकलुकत होते.

त्यांनी मोबाइल पाहिला. 'निर्णय झाला' परत आलं होतं. काड्या भरगच्च.

"काशिरामशेठ," त्यांनी क्षीण आवाजात विचारलं, "हे डासांचं..."

"डासांचा?" काशिरामने सांदण गिळलं. "सायेब, वैनींचा नेट हाय तो. सोमवारी मीच लावून गेलो. पोरीनं नाव टाकला. तुमी मंगलवारी आले तवा मना वाटला, तुमाला येगला पायजे. हल्ली नवराबायकोंत असता तसा."

शैलेशराव भिंतीला टेकले. रागवावं, असं त्यांना क्षणभर वाटलं. पण राग काही येईना. जीव भांड्यात पडला होता आणि आतून पोरं 'केळं, केळं' असा गजर करत होती. त्यांना एवढं हलकं वाटलं की त्यांनी अबरारच्या बशीतलं सांदण उचलून तोंडात टाकलं.

वर्ग संपला. वसुंधरा बाहेर आली. तिच्या गालांवर लाली होती.

"मिळालं," ती म्हणाली. "सोमवारपासून. एक पोर तर लॅपटॉप बंदच करू देईना."

महमूदभाईंनी "मुबारक हो वहिनी!" अशी आरोळी ठोकली. भोकातून ताहिराभाभीही तेच म्हणाल्या. युनिफॉर्मवाल्यांनी टाळ्या वाजवल्या आणि विजेची वायर जोडून द्यायचं कबूल केलं. इतक्यात कीर्ती खारघरहून आली. भिंतीकडे तिने एकदा पाहिलं आणि ती हसत सुटली.

"मला सांगायचं तरी!" शैलेशराव बायकोला म्हणाले.

"सांगितलं असतं तर तुम्ही ते काढायला लावून आणखी कोटेशनं मागवली असती," वसुंधरा म्हणाली. "मला या वेळी धोका नको होता हो."

शैलेशराव फ्रिजच्या दाराकडे गेले, तक्त्यावर बोट ठेवलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"पण बघ, पहिल्या नंबरावर मी कोणाला ठेवलंय? निर्णय झाला! सिग्नल सर्वोत्तम! म्हणजे माझी पद्धत बरोबरच होती की नाही?"

काशिराम चपला शोधायला लागला.

"बरं, ते जाऊ दे," शैलेशराव उदारपणे म्हणाले आणि त्यांनी मोबाइल पुढे केला. "आता घरातलंच आहे तर मलाही जोडून टाक. पासवर्ड काय?"

वसुंधरेने रुमाल झटकला, नीट सारखा करून पुन्हा त्या डबीवर पसरला आणि त्यांच्याकडे न बघता म्हणाली,

"बघू. कळवते."